हवापालट: पाचगणीचा डोंगर आणि क्षयाचं औषध

मे महिना उजाडला की दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, पाचगणीला जाऊन येऊ का? जरा हवापालट होईल." जा की! सांगलीतून पहाटे निघालात तर नाश्ता वाईत, मग पसरणी घाट, दुपारी टेबललँडवर भटकंती आणि रात्री आपल्या अंथरुणात. सांगलीपेक्षा पाचगणी सातशे-साडेसातशे मीटर उंच, म्हणजे साधारण चार-पाच अंशांनी थंड. मनाला बरं वाटतं, झोप चांगली लागते.

पण "हवापालट" हा शब्द एकेकाळी सहलीचा नव्हता, डॉक्टरांच्या चिठ्ठीतला होता. त्याची ही गोष्ट.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा घेतली, १८२०च्या दशकाच्या अखेरीस. तापानं खंगलेल्या गोऱ्या अंमलदारांना बरं होण्यासाठी जागा हवी होती. ताप घाणेरड्या हवेमुळे येतो, अशी तेव्हाची समजूत. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच "वाईट हवा". डासाचा हात आहे हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवलं १८९७ मध्ये. उंचावर डास कमी, थंडावा जास्त, म्हणून डोंगराचा गुण यायचाही. कारण मात्र चुकीचं सांगितलं जायचं.

महाबळेश्वरची अडचण पाऊस. वर्षाला जवळपास सहाशे सेंटीमीटर! पावसाळ्यात रोगी ठेवणार कुठे? तिथून जेमतेम १८-१९ किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. १८६०च्या दशकात जॉन चेसन यांनी तिथे वसाहत उभी केली, सिल्व्हर ओकची झाडं लावली. पाचगणी बारमाही राहण्याजोगी ठरली ती या पावसाच्या हिशोबामुळे.

मग आला क्षय. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये त्याचा जंतू दाखवला, पण औषध काहीच नव्हतं. म्हणून सॅनेटोरियम. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीत बेल-एअर सुरू केलं. आमच्याकडे सांगली-मिरजेच्या मधे वानलेसवाडीचं क्षयरोग रुग्णालय १९२० चं, मिरजेच्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाचं. आता गंमत बघा, वानलेसवाडीला डोंगर नाही! सपाट माळ, कोरडी मोकळी हवा. दोन्हीकडे उपचार तेच: व्हरांड्यात पडून विश्रांती, दूध-अंडी, रोज तापाची नोंद, आणि काहींच्या छातीत हवा भरून फुप्फुसाला आराम.

यानं काही जण बरे व्हायचे, ते स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर. बाकीच्यांचं काय व्हायचं ते जुन्या घरांतल्या फोटोंवरून कळतं. माझ्या मते सॅनेटोरियमचा मोठा फायदा घरी राहिलेल्यांना झाला. खोकणारा माणूस एका खोलीत सात जणांबरोबर झोपत नव्हता.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. आणि १९५६ मध्ये मद्रासला एक धाडसी तुलना सुरू झाली. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, चांगल्या जेवणासह. काही आपल्याच दाटीवाटीच्या घरात, तुटपुंज्या खाण्यावर. दोघांना वर्षभर औषधं तीच. १९५९ ला निकाल छापला: घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही जास्त दिसलं नाही. जगभर सॅनेटोरियमच्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या, त्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे. आम्हाला तो एमडीला शिकवला तेव्हा मी परीक्षेपुरता वाचला होता.

त्याची किंमत मला नंतर कळली. तासगाव भागातला एक तरुण, क्षयाचा. मी त्याला म्हणालो, "चांगली हवा, चांगलं खाणं, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत." दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. घरच्यांनी त्याला वाईकडच्या पाहुण्यांकडे "हवेला" पाठवलं आणि गोळ्या बंद. डोंगरानंच बरं वाटतंय ना! सहा महिन्यांनी परत आला तेव्हा जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नव्हता. पुढचे उपचार लांबले, त्रासाचे झाले. वाचला. पण माझ्या वाक्यात गोळ्या शेवटी होत्या, हे मी विसरलेलो नाही. आता मी गोळ्यांपासून सुरुवात करतो आणि हवेचं नाव काढत नाही.

तेव्हा तुमच्या घरी कुणी क्षयाच्या उपचारावर असेल तर सुरुवातीचे काही आठवडे बंद काचांच्या गाडीतून सगळ्यांनी मिळून जाऊ नका. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर खुशाल जा, गोळ्यांची पाकिटं हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा. आणि पसरणी घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी उलटीची गोळी वाईतच घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर उपयोग नाही.