जोडेघाट ते मारलावाई

तारनाक्याजवळील उस्मानिया विद्यापीठात १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ अध्यापन करीत होते. परंतु त्यांचे चिरस्थायी कार्य झाले ते आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात. न्याय म्हणजे काय, याचा विचार करताना त्या कार्याचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

गोंड आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत आले, तिचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. जंगले राखीव झाली आणि कसणारा अतिक्रमक ठरला. निजामी कचेरीचे दप्तर उर्दूत आणि गोंडाची भाषा गोंडी. मग दाद मागावी कोणाकडे? १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांना या असंतोषाची कारणे शोधण्यास सांगितले.

त्यांनी जमिनीचे पट्टे देवविले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पट्टा ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हातून तो सहज जातो. म्हणून १९४३ मध्ये मारलावाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली, कारण त्या भागात मराठी परिचित होती. मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही तेथे अधिकारी म्हणून काम केले व गोंडीचा अभ्यास केला. शिकलेल्या गोंडांपैकी काही जण पुढे सरकारी कचेऱ्यांत नोकरीस लागले. कचेरीत आपली भाषा जाणणारा माणूस भेटणे, हे गोंडांना नवे होते.

पुढे बाहेरून वस्ती वाढली. भू-हस्तांतरणाचा १९५९ चा विनियम १९६३ मध्ये तेलंगणास लागू झाला. १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीच्या नावे करण्यास पूर्ण बंदी आली. तरीही जमिनी जात राहिल्या. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांचा गोळीबार झाला. म्हणजे जोडेघाटानंतर चार दशकांनी, कायदे असूनही, तेच घडले.

नाबोथाचा द्राक्षमळा दरोड्याने गेला नाही. पत्रे लिहून, साक्षीदार उभे करून, न्यायाचा सारा देखावा पार पाडून गेला. तेव्हा कायदा आहे एवढ्याने आपले समाधान होऊ नये. एखादा आदिवासी बांधव हाती कागद घेऊन आपल्या दारी आला, तर तो त्याच्या भाषेत वाचून दाखविण्यास आणि त्याच्याबरोबर कचेरीपर्यंत चालण्यास आपल्यापैकी किती जण सिद्ध आहोत?