मोटारीचे इंजिन, घरचे विमान आणि खानदेशचे ऊन

वरणगाव हे काही विमानविद्येचे क्षेत्र नव्हे. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग आणि सुरतेहून कलकत्त्यास जाणारा जुना हमरस्ता यांच्या सान्निध्यात, तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर केळी व कापूस पिकवीत वसलेल्या या गावाला १९६४ साली दारूगोळ्याचा सरकारी कारखाना लाभला. आणि तेव्हापासून येथील कित्येक घरांतील कर्ती माणसे पितळी काडतुसांच्या मापात अत्यंत सूक्ष्म अंतराचा हिशेब ठेवीत आली. हौशी मनुष्याने स्वहस्ते बांधलेल्या विमानाचा आणि त्याला जोडलेल्या मोटारीच्या इंजिनाचा इतिहास मला याच गावाकडे पाहत लिहावासा वाटतो, कारण तो राजधान्यांचा किंवा मोठ्या विमानतळांचा इतिहास नसून, कानस, पकड आणि मापाची पट्टी ज्यांच्या हाती शोभते अशा कारागिरांचा आहे. आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण आमच्या खानदेशातच घडले आहे.

घरगुती विमानाचे वर्णन करताना लेखकांचे लक्ष बहुधा पंखांकडे जाते. वास्तविक पंख, शेपटी आणि सांगाडा हे चांगल्या सुताराच्या आवाक्यातील काम होय; अडचण नेहमी इंजिनापाशी येऊन ठेपते. राइट बंधूंनी मोटारींच्या कारखानदारांकडे हलक्या इंजिनाची मागणी केली, आणि ती कोणीच पुरवीना तेव्हा त्यांच्या सायकलींच्या दुकानातील चार्ल्स टेलर नावाच्या यंत्रकाराने सुमारे सहा आठवड्यांत एक बारा अश्वशक्तीचे इंजिन घडविले. १७ डिसेंबर १९०३ रोजी ते उडाले. आमच्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा श्रद्धेने सांगितली जाते. परंतु ज्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन दाखला हाती नाही, त्यावर अभिमानाचा इमला उभारणे मला रुचत नाही, विशेषतः दप्तरात रीतसर नोंदलेले उड्डाण आमच्या शेजारच्या जिल्ह्यात असताना.

मोटारीचे इंजिन जसेच्या तसे आकाशात नेण्याचा खरा मान मिनेसोटा प्रांतातील चेरी ग्रोव्ह या खेड्यातल्या बर्नार्ड पीटनपोल या गृहस्थाकडे जातो. १९२९ साली त्याने आपल्या लाकडी विमानास फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे सुमारे चाळीस अश्वशक्तीचे इंजिन बसविले, त्याचा रेडिएटर वैमानिकाच्या दृष्टीसमोरच उभा केला आणि नकाशे छापून ते सर्वांस खुले केले. आमच्याकडे विहिरीवरचे ऑइल इंजिन पाणी उपसून झाले की पट्टा बदलून त्यावरच कडबा कापण्याचे यंत्र चालावे, तसाच हा सरळ व्यवहार होता. तो शक्य झाला याचे कारण असे की, त्या काळचे इंजिन मिनिटाला सोळाशे-सतराशे फेऱ्यांच्या आसपास आपले बळ देई, आणि पंख्यालाही नेमकी तशीच मंद गती मानवते. पुढे मोटारीची इंजिने जसजशी सुधारली, हलकी आणि वेगवान झाली, तसतशी ती पंख्यापासून दूर गेली. कारण पंख्याचे टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचले की त्याचे कार्य बिघडते, आणि म्हणून लहान विमानाचा पंखा मिनिटाला सुमारे सत्तावीसशे फेऱ्यांपलीकडे सहसा नेत नाहीत. मोटारीची प्रगती ही हौशी विमानकाराची अडचण ठरावी, हा या इतिहासातील सर्वांत विचारणीय भाग मला वाटतो.

याच प्रवासात फिरत्या इंजिनांचे दोन अगदी भिन्न वंश आढळतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला वंश फ्रान्समधील सेगाँ बंधूंच्या ‘नोम’ इंजिनाचा. १९०८-०९ च्या सुमारास निघालेल्या या यंत्रात मधला दांडा स्थिर असे आणि सात नळकांडी पंख्यासकट गरगर फिरत, त्यामुळे ती वाऱ्यानेच थंड राहत. त्याचे वंगण म्हणजे चक्क एरंडेल, कारण ते पेट्रोलात विरघळत नसे. पहिल्या महायुद्धातील कित्येक वैमानिक त्या तेलाच्या धुरात न्हाऊन निघत. युद्धानंतर हा वंश लवकरच लोपला.

दुसरा वंश जर्मनीच्या फेलिक्स वांकेल याचा. त्याने १९२९ सालीच पहिले पेटंट घेतले होते, परंतु नेकारसुल्म येथील एनएसयू कंपनीत त्याचे इंजिन प्रत्यक्ष धडधडू लागण्यास १९५७ साल उजाडावे लागले. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, लांबट आणि कमरेशी किंचित आवळलेल्या पोकळीत आपली तिन्ही टोके भिंतीला सतत लावून फिरतो. त्याच्या तीन बाजूंवर इंधन ओढणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कर्मे क्रमाने चालू राहतात. वर-खाली आपटणारा दट्ट्या नाही, झडपा नाहीत. रोटरच्या एका फेरीत मधला दांडा तीन फेऱ्या घेतो. सारा जीव मात्र टोकांवरील पातळ पट्ट्यांत असतो. त्या घासल्या किंवा थरथरल्या की पोकळीच्या भिंतीवर चरे उमटतात. जपानमध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे पुढे माझदा म्हणून प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने १९६१ मध्ये या यंत्राचे हक्क घेतले, तेव्हा केनइची यामामोतो आणि त्यांचे सेहेचाळीस सहकारी या चऱ्यांशीच वर्षानुवर्षे झुंजले. त्यांना त्यांनी ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव दिले होते. अॅल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनच्या पट्ट्यांनी तो प्रश्न सुटला आणि १९६७ च्या मे महिन्यात ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही मोटार बाजारात आली. पुढे त्यांचे ‘१३बी’ हे दोन रोटरांचे, प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटर आकारमानाचे इंजिन जगभर पसरले.

मोडीत निघालेल्या मोटारींतून हेच ‘१३बी’ अमेरिकेतील हौशी विमानकारांच्या हाती पडले. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे स्थापिलेल्या संघटनेमुळे तेथे या छंदास मोठा आधार मिळालाच होता, आणि विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग स्वतः बांधणाऱ्यास सरकारचा परवाना मिळण्याची सोयही होती. या इंजिनाच्या प्रत्येक रोटरला मूळचेच दोन स्पार्क प्लग. लहान विमानात दुहेरी प्रज्वलनाची जी मागणी असते ती अनायासे अर्धी पुरी झालेली. त्याला कंप फार थोडा. दट्ट्याचे इंजिन मोडते तेव्हा पुष्कळदा एकाएकी आवळून थांबते. याचे मात्र बळ ओसरते, पण फिरणे टिकते, असे ते चालविणारे सांगतात, आणि भूमीपासून दूर असलेल्या मनुष्याला या फरकाचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको. उलट बाजूही तशीच भक्कम आहे. बळ मिळते ते मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास, म्हणून मध्ये गती उतरविणारी दंतचक्रांची पेटी बसवावी लागते, आणि त्या पेटीत स्वयंचलित मोटारींच्या गिअरपेटीतील चक्रे वापरण्याचा प्रघात पडला. धूर इतका तप्त की साधे सायलेन्सर जळून जाते. इंधनही काहीसे अधिक लागते.

पण खरा शत्रू उष्मा. या इंजिनाची उष्णता पाण्याबरोबर तेलालाही मोठ्या प्रमाणात वाहून न्यावी लागते, म्हणून पाण्याचा एक आणि तेलाचा एक असे दोन रेडिएटर त्या अरुंद नाकाडात बसवून, त्यांतून वारा नीट जाईल अशा वाटा कोराव्या लागतात; आणि पुष्कळ हौशी लोकांची वर्षे इंजिनावर नव्हे, तर या वाटांवरच खर्ची पडली आहेत.

हे वाचताना वरणगावच्या माणसाला वैशाख आठवल्याविना राहणार नाही. इंजिनातील पाणी ९५ अंशांवर ठेवावयाचे असेल, तर पौषातील १५ अंशांच्या पहाटे पाणी आणि वारा यांत ८० अंशांचे अंतर मिळते. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी ते ५० वर येते, म्हणजे तोच रेडिएटर रुपयातील दहा आणेच काम करतो. शिवाय तापलेली हवा सुमारे एक दशांशाने विरळ होते, त्यामुळे पंख, पंखा आणि इंजिन तिघांचेही सामर्थ्य एकाच वेळी घटते आणि धावपट्टी अपुरी वाटू लागते. परदेशी नकाशांत हा हिशेब आमच्यासाठी मांडलेला नाही. तो येथेच मांडावा लागेल.

असा हिशेब मांडण्याची पात्रता महाराष्ट्रात आहे, हे अहमदनगरच्या उदाहरणावरून दिसते. तेथील संरक्षण खात्याची वाहनसंशोधन संस्था, बंगळूरची राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा आणि तेथीलच वैमानिकी विकास आस्थापना यांनी मिळून ५५ अश्वशक्तीचे स्वदेशी वांकेल इंजिन तयार केले. रोटर ज्या पोकळीत फिरतो तिचे कठीण लेपन आणि खास मिश्रधातूचे कवच बंगळूरने साधले. प्रज्वलन आणि इंधनपुरवठा यांची व्यवस्था नगरने लावली. आणि २००९ साली कोलारच्या धावपट्टीवरून ‘निशांत’ नावाचे वैमानिकविरहित विमान त्या इंजिनाच्या बळावर उडाले. आयात इंजिनाच्या जागी आलेल्या या यंत्राचा आमच्या वृत्तपत्रांनी जेवढा गौरव करावयास हवा होता तेवढा केला नाही, याचे मला आजही वैषम्य वाटते.

हौशी बाजूची कथा याहून खडतर आहे, आणि तिच्यात इंजिनापेक्षा दप्तरच मोठे आढळते. १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे नियम यांच्या चौकटीत, घरी बांधलेल्या विमानाच्या अर्जाचे काय करावे, याविषयी खात्याचा शिरस्ता दीर्घकाळ स्थिरच नव्हता. कॅप्टन अमोल यादव या व्यावसायिक वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोप भागात, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. त्यापूर्वीचे प्रयत्न फसलेले होते. तरी त्यांनी व त्यांच्या कुटुंबाने पैसा आणि वर्षे दोन्ही त्यात घातली. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या औद्योगिक प्रदर्शनासाठी ते विमान सुटे करून गच्चीवरून खाली उतरविण्यात आले, तेव्हा लोकांनी ते प्रथम डोळ्यांनी पाहिले. नोंदणी व्हावयास २०१७ चा नोव्हेंबर आला. व्हीटी-एनएमडी ही अक्षरे त्याला मिळाली. उड्डाणाचा परवाना मिळेपर्यंत आणखी दोन वर्षे गेली.

आणि चाचणीसाठी जागा निवडली गेली ती धुळ्याजवळच्या गोंदूरची. १९२८ साली जुहूला स्थापन झालेल्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबाने आपले उड्डाणशिक्षण जेथे आणले होते, तीच ही धावपट्टी: मुंबईच्या गजबजलेल्या आकाशापासून दूर आणि सभोवार मोकळ्या जमिनीची. २०२० साली त्या विमानाच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या तेथे झाल्या. मुंबईच्या गच्चीवर जन्मलेल्या यंत्राला आकाश दिले ते खानदेशाने. वरणगावहून त्याच हमरस्त्याने पश्चिमेस गेले की धुळे लागते. नगरचे फिरते इंजिन आणि धुळ्याचे घरगुती विमान हे दोन धागे एका यंत्रात गुंफले जावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आणि ते काम कोणी हाती घेतलेच, तर रेडिएटरची तोंडे परदेशी नकाशाहून रुंद ठेवून, टोकांच्या पट्ट्यांचे अंतर वरणगावच्या कारखान्यात हयात घालविलेल्या एखाद्या मापाऱ्याकडून तपासून घेऊन, त्याने पहिली चाचणी हिवाळ्यात आणि दुसरी मे महिन्याच्या दुपारी, जाणूनबुजून, गोंदूरलाच करावी.