बाजारात बसायला जागा

माझे वडील मणेर. बांगड्या भरायचा आमचा पिढीजात धंदा. सांगली जिल्ह्यातल्या चार-पाच गावांचे आठवडी बाजार ते करायचे. सायकलच्या कॅरियरला लाकडी पेटी, हँडलला काचेच्या बांगड्यांची पिशवी. शाळेला सुटी असली की मीही बरोबर असे. बाजारात पोचल्यावर अब्बांची एकच घाई असायची. कापडवाल्याच्या पालाशेजारची जागा मिळाली पाहिजे. तिथे ऊन असायचं. मी एकदा म्हटलं, ‘अब्बा, पलीकडं लिंबाची सावली आहे, तिकडं बसू या की.’ ते म्हणाले, ‘बायका घरातून कापडाला निघतात, बांगडीला नाही. लुगडं हातात आलं की मग त्या रंगाची बांगडी आठवते.’

पुढे बऱ्याच वर्षांनी शॉपिंग सेंटरांच्या इतिहासाविषयी वाचत होतो, तेव्हा अब्बांचं हे वाक्य मला अमेरिकेत भेटलं. तिथे नकाशावर आधी एखादं मोठं, बहुवस्तू दुकान बसवतात आणि त्याच्या ओढीने येणाऱ्या गिऱ्हाईकांच्या वाटेवर लहान दुकानं मांडतात. या मोठ्या दुकानाला ते ‘अँकर’, म्हणजे नांगर म्हणतात. आमचा नांगर कापडवाला होता.

मी वास्तुशास्त्राचा जाणकार नाही. बी. ए. झालो, कविता लिहितो. पण बाजारात वाढलेल्या माणसाला बाजार कोण आखतो, याचं कुतूहल असतंच. म्हणून आज मॉल नावाच्या वास्तूची आणि ती घडवणाऱ्या, पुढे तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहे.

छपराखालचा बाजार ही काही नवी कल्पना नव्हे. इस्तंबूलचा मोठा बाजार पंधराव्या शतकातला. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९चं, पुण्याची मंडई १८८६ची. पण हे बाजार गावाच्या पोटात होते. अमेरिकेत विसाव्या शतकात मोटार आली आणि गाव पसरलं. कॅन्सस शहरात जे. सी. निकोल्स नावाच्या जमीन-विकासकाने १९२०च्या दशकात ‘कंट्री क्लब प्लाझा’ उभारला. गाडीने येणारं गिऱ्हाईक गृहीत धरून, गाड्या उभ्या करायच्या सोयीसकट, एकाच मालकाने आखलेला बाजार. बीज तिथे पडलं. त्याचं झाड केलं ते व्हिक्टर ग्रुएन याने.

ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. जन्म १९०३. ज्यू घराणं, नाव ग्रुनबाउम. दिवसा तो दुकानांच्या दर्शनी बाजू नव्याने घडवून देई आणि रात्री राजकीय विडंबनाच्या नाटुकल्यांत काम करी. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि त्याला देश सोडावा लागला. न्यू यॉर्कला उतरला तेव्हा त्याच्या खिशात आठ डॉलर होते, असं सांगतात. सोबत आणलं होतं ते व्हिएन्नाचं चित्र. चौक, कारंजी, रुंद पदपथ, एका कप कॉफीवर तासन्‌तास वाद घालणारी माणसं.

अमेरिकेत त्याला दिसली ती मोटारीत कोंडलेली माणसं. उपनगरांत घरांच्या रांगाच रांगा, पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला भेटावं असं ठिकाण नाही. दुकानं हमरस्त्याच्या कडेने विखुरलेली. त्याच्या मनात आलं, या लोकांना एक चौक बांधून द्यावा. चौकासाठी कुणी पैसे देणार नाही, पण दुकानांसाठी देतील. म्हणजे दुकानांच्या खर्चाने चौक बांधावा.

१९५४ साली डेट्रॉइटजवळ त्याचं ‘नॉर्थलँड’ उघडलं. मोकळी अंगणं, बाग, शिल्पं. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९५६ रोजी मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराला लागून असलेल्या एडिना गावी ‘साउथडेल’ सुरू झालं. चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित आणि दुमजली असं हे पहिलं प्रादेशिक शॉपिंग सेंटर. आज जगभर मॉल म्हणून जे दिसतं त्याचा साचा इथला.

त्याची आखणी पाहण्यासारखी आहे. मिनेसोटात हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. ग्रुएनने आत बारमाही वसंत ठेवला, तापमान सुमारे २४ अंश सेल्सिअस. मधोमध छपराखालचा चौक. त्यात झाडं, पक्ष्यांचा उंच पिंजरा, कॉफी पिण्याची जागा. माणसाला पायपीट नको म्हणून दुकानं दोन मजल्यांवर, वर जायला सरकते जिने. वाहनतळ अशा चढ-उतारावर की दोन्ही मजल्यांवर बाहेरून थेट शिरता यावं. सुमारे ५,२०० गाड्यांची सोय. ७२ दुकानं. आणि डेटन व डोनाल्डसन ही एकमेकांची प्रतिस्पर्धी मोठी दुकानं एकाच छपराखाली. दोन तलवारी एका म्यानात ठेवण्यासारखंच हे! पण ग्रुएनचा हिशेब असा, की दोन्हींकडे डोकावण्यासाठी माणूस फिरेल आणि फिरताना मधली सगळी लहान दुकानं पाहील.

भाड्याचं गणितही याच चालीचं. नांगर असलेल्या मोठ्या दुकानाला जागा स्वस्तात. लहान दुकानाला चौरस फुटामागे भाडं जास्त, शिवाय विक्रीतला ठरलेला हिस्सा. कोणाच्या शेजारी कोण बसणार हे मालक ठरवणार. आठवडी बाजारात अब्बांना ग्रामपंचायतीची पावती फाडावी लागे, एवढंच. शेजार त्यांचा त्यांना निवडता येई, फक्त पहाटे लवकर उठावं लागे.

पण ग्रुएनच्या मूळ आराखड्यात दुकानं हा एक भाग होता. ४६३ एकरांच्या त्या योजनेत घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं असं सगळं होतं. त्याला नवं गाव वसवायचं होतं. प्रत्यक्षात उभा राहिला तो मॉल आणि त्याच्याभोवती डांबराचं मैदान. उद्घाटनानंतर काही आठवड्यांत थोर वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट तिथे येऊन गेले. त्यांचा शेरा कडक होता. गावातल्या रस्त्याचे दोष सगळे आले आहेत, त्याची मोहिनी तेवढी आलेली नाही, असा त्याचा मथितार्थ.

पुढचं काम पैशाने केलं. १९५४ साली अमेरिकी करकायद्यात बदल झाला आणि नव्या व्यापारी इमारतीवर पहिल्या काही वर्षांतच मोठा घसारा दाखवता येऊ लागला. म्हणजे कागदावर तोटा आणि करात सूट. १९५६च्या कायद्याने महामार्गांचं जाळं विणायला घेतलं. गावाबाहेर जमीन स्वस्त. मग मॉलची पिकंच्या पिकं निघाली. कोणाला चौक नको होता, घसारा हवा होता. शहरांच्या मध्यवस्तीतली जुनी दुकानं ओस पडत गेली. त्या काळी गोऱ्यांच्या उपनगरांत काळ्या माणसाला घर मिळणं मुश्कील होतं. बाजार उपनगरात गेला तसा तो त्याच्यापासूनही लांब गेला.

ग्रुएन हे पाहत होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो व्हिएन्नाला परतला. जुन्या शहराच्या मध्यातून मोटारी हटवून ते चालणाऱ्यांना परत द्यावं, म्हणून त्याने आराखडा करून दिला. आणि दैवाचा खेळ असा की १९७६ साली व्हिएन्नाच्याच वेशीवर एक भलंमोठं शॉपिंग सेंटर उघडलं. १९७८ साली लंडनमधल्या भाषणात त्याने सांगून टाकलं, की ही माझी औरस मुलं नाहीत, यांच्या पोटगीची जबाबदारी मी घेणार नाही. १९८० साली तो वारला.

ज्या १९७६ साली व्हिएन्नाच्या वेशीवर मॉल आला, त्याच साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला, की शॉपिंग सेंटर ही खासगी मालमत्ता आहे. तिथे उभं राहून निदर्शनं करण्याचा हक्क राज्यघटनेतल्या भाषणस्वातंत्र्यात येत नाही. चौकासारखा दिसत असला तरी तो चौक नव्हे, हे कायद्याने शिक्कामोर्तब झालं.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत मॉल गावाबाहेर आला नाही, तो गिरणगावात आला. शहरातल्या ५८ गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. बऱ्याच गिरण्या त्यातून सावरल्याच नाहीत. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने ठरवलं, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळ मानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, तर फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यांची, असं झालं. प्रकरण न्यायालयात गेलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम केला. बाग आणि घरांच्या वाट्याला फार थोडं आलं. एका शब्दाच्या अर्थाने शहराचा नकाशा बदलतो, हे कवीने तरी ध्यानात ठेवावं.

१९९९ साली हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ सुरू झालं, तेव्हा सुरुवातीला प्रवेशाची अट अशी होती, की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरा. त्या वर्षी माझ्या ओळखीत कोणाकडेच यातलं काही नव्हतं. ही अट फार काळ टिकली नाही. नंतर सगळीकडे दारं उघडी झाली. पण दार उघडं असणं आणि जागा असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

अब्बांना मी एकदा एका मॉलमध्ये नेलं होतं. तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. थंड हवा, चकचकीत फरशी, सगळं त्यांना आवडलं. सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. अर्ध्या तासाने गुडघे दुखू लागले, तसे ते झाडाच्या कुंडीच्या कठड्यावर टेकले. सुरक्षारक्षक आला. पोरगा गरीब होता. ‘बाबा, इथं बसू नका, मला बोलणी बसतात,’ म्हणाला. खाण्याच्या मजल्यावर खुर्च्या होत्या, पण तिथे बसायचं तर काही घ्यायला हवं. अब्बा निमूट उठले. एका काउंटरवर पाकिटात बांगड्या होत्या. त्यांनी तिथल्या मुलीला विचारलं, ‘बेटी, भरतं कोण?’ तिला प्रश्न समजला नाही. बाहेर आल्यावर ते बसस्टॉपच्या बाकावर बसले आणि म्हणाले, ‘आता बरं वाटलं.’

मला मॉलचा राग नाही. माझ्या मुली तिथे जातात. पावसात, उन्हात, पदपथ नसलेल्या शहरात त्यांना निर्धास्त फिरता येईल अशा जागा फार नाहीत. ग्रुएनचं दुखणं खरं होतं. माणसांना भेटायला जागा हवीच असते. त्याची चूक एवढीच, की ही जागा नफ्याच्या कडेवर बसून मोठी होईल असं त्याला वाटलं. त्याचं नॉर्थलँड २०१५ साली बंद पडलं. गिऱ्हाईक आटलं की चौकही गेला.

आठवडी बाजाराचं तसं नसतं. एखाद्या आठवड्याला धंदा झाला नाही, तरी जागा गावाचीच राहते. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. नगर पथविक्रेता समिती नेमून विक्रेत्यांच्या जागा ठरवाव्यात, असं त्यात लिहिलं आहे. लिहिलेलं नकाशावर उतरवून घेणं आपल्या हाती आहे. तुमच्या गावाचा प्रारूप विकास आराखडा जाहीर होतो, तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. आपण त्यात आपला प्लॉट तेवढा शोधतो. पुढच्या वेळी आठवडी बाजाराची जागा कुठे दाखवली आहे, तेही पाहा. दिसली नाही, तर कोऱ्या कागदावर दोन ओळींचा अर्ज लिहा. गेल्या वेळी मी लिहिला होता. त्यात मी बाजाराची जागा मागितली आणि खाली एक ओळ वाढवली, की तिथे चार बाक असावेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)