पेव, कणगी आणि कीड

दप्तरें चाळतांना आपलें लक्ष सनावळ्यांकडे व शिक्क्यांकडे जातें. तीं लिहिणारांचें धान्य वर्षभर कशानें टिकलें, हा प्रश्न क्वचितच उठतो. वस्तुतः किल्ला लढे तो कोठारावरच.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत धान्य उंचावर ठेवावें, निम्मा सांठा जनपदाच्या आपत्तीसाठीं राखावा व जुन्याच्या जागीं नवा भरावा, असें सांगितलें आहे. देशावर मात्र धान्य भुईंत पुरीत. हा विरोध आम्हांस वरवरचा वाटतो. ओल टाळणें हाच दोहोंचा हेतु. कोरड्या, निचऱ्याच्या जागीं पेव खणून त्यास कडब्याचें अस्तर देत व तोंड मातीनें लिंपीत. धान्याच्या व किडीच्या श्वासानें आंतील प्राणवायु सरे आणि कीड गुदमरे. याच कारणें पेव उघडतांच आंत उतरणारा माणूसही दगावे. इनामगांव येथें १९६८ पासून झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन पेवें सांपडलीं. तेव्हां ही रीत सुमारें तीन सहस्र वर्षांची ठरते.

घरच्या कणगींत राख व कडुनिंबाचा पाला घालीत. राखेनें किड्याच्या अंगावरील मेणचट थर खरवडून तो शुष्क होतो. कडुनिंबांतील अझाडिरॅक्टिन हें द्रव्य १९६८ सालीं वेगळें करण्यांत आलें. गृहिणींस त्याचा गुण त्यापूर्वींच ठाऊक होता.

पोथीच्या रुमालांत वेखंड ठेवणारे आपण संग्राहक याच परंपरेचे. ज्यांनीं पेव भरतांना पाहिलें, त्या वृद्धांस आतांच विचारावें. ही विद्या बहुधा कागदावर उतरलीच नाहीं. मग ती दप्तरांत कोठून सांपडणार?