खात्रीचा हव्यास

ओसीडी म्हणजे टापटिपीचं वेड, अशी समजूत घेऊन आलेल्या वाचकाचंही या विषयात स्वागत आहे. या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातच ती गळून पडेल. हा शंकेचा आजार आहे. गॅसचं बटण बंद केलेलं डोळ्यांनी पाहिलं, हातानं चाचपलं, तरी मन ‘पण नक्की?’ म्हणून विचारतंच. आपल्याकडे या मंत्रचळाचा काही भाग सोवळ्याओवळ्याच्या आड खपूनही गेला. शिवाय हात धुणं निदान चारचौघांना दिसतं. आपल्या हातून तान्ह्या बाळाला इजा होईल, या विचारानं हादरलेली आई मात्र कोणाला काही सांगत नाही. सुरी लपवते, बाळाला घ्यायचं टाळते.

तिनं ऐकायला हवी अशी गोष्ट १९७८ मध्येच छापून आली आहे. रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी पाहणी केली, तेव्हा बहुसंख्य निरोगी माणसांच्याही मनात असेच नकोसे विचार येऊन जातात असं आढळलं. येतात आणि जातात. रुग्ण मात्र त्यातून स्वतःविषयी भलता निष्कर्ष काढतो आणि विचार पुसायला धडपडतो. त्या धडपडीनंच तो विचार घट्ट होतो.

फ्रॉइडनं १९०९ मध्ये लिहिलेली ‘रॅट मॅन’ या रुग्णाची हकिकत वाचायला आजही विलक्षण आहे, पण उपचाराची वाट तिथून निघाली नाही, असं माझं मत. ती १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर यांनी दाखवली. ज्याची भीती त्याला सामोरं जायचं, आणि मग धुणं, तपासणं, मनातल्या मनात प्रार्थना पुटपुटणं, काहीच करायचं नाही. ऐकायला हे निर्दय वाटतं. प्रत्यक्षात पायऱ्यापायऱ्यांनी, रुग्णाच्या संमतीनं चालतं, आणि अस्वस्थता सोसूनही आपण शाबूत राहतो हे त्याला अनुभवानं कळतं. जोडीला औषधं आहेत: आधी क्लोमिप्रामीन आलं, मग एसएसआरआय गट. त्यांचा डोस बऱ्याचदा नैराश्यासाठी लागतो त्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे म्हणूनच फसतात.

‘हो गं, लावली कडी’ असं विसाव्यांदा सांगणारा नवरा प्रेमापोटीच सांगतो, पण त्या उत्तरावर आजार पोसला जातो. तेव्हा घरच्या मंडळींनी कुटुंबावरचं प्रकरण सर्वांत आधी वाचावं.