हाडांना विचारलेले प्रश्न

नेवासे म्हटले की आपल्याला पैसाचा खांब आठवतो. ज्या गावी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते गाव आणखी कशासाठी लक्षात ठेवायचे, असेही कुणी म्हणेल. पण ह्याच नेवाशाला प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे एक पांढरीचे टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया ह्यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात तिथे उत्खनन केले, आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली.

त्या वस्तीतले लोक दगावलेली लेकरे घरापासून दूर नेत नसत. घराच्याच जमिनीत खड्डा करावा, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवावी आणि त्यांत लेकराला निजवावे, अशी त्यांची रीत. अशाच एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्या दोऱ्यात कापूस होता आणि रेशीमही होते.

इतिहासाच्या तासाला मी ही माळ सांगितली की वर्गातून हटकून आवाज येतो, "म्हणजे ती मुलगी होती!" कशावरून, असे विचारावे तर उत्तर तयार असते, "माळ होती ना, बाई!" आता आपल्या बाळकृष्णाच्या गळ्यातही माळ असते, आणि नातवाला सोन्याचा बदाम घालण्याची हौस कुठल्या आजीला नसते? हाडे मात्र गप्प आहेत. मोठ्या माणसाच्या कटीच्या हाडांवरून स्त्री-पुरुष ओळखता येतो. पण हा फरक ठळक होतो तो वयात येताना. लहान मुलाच्या हाडांच्या नुसत्या घडणीवरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा वर्गाने दिलेले उत्तर हाडांचे नव्हे. ते आपल्या घरांचे होते.

आपल्या मनातले उत्तर हाडांच्या तोंडी घालण्याची ही खोड थोरामोठ्यांनाही सुटलेली नाही. डेक्कन कॉलेजात सांकलियांच्या सहकारी असलेल्या इरावती कर्वे ह्यांना 'युगान्त'मुळे घरोघर ओळखतात. १९२८ साली त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते आणि त्यातच त्याच्या वरचढ बुद्धीची खूण आहे, असा फिशर ह्यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्यांची ती असमता आणि वंश ह्यांचा काही मेळ बसेना. परदेश, परकी भाषा, पदवी गुरूच्या हाती. तरी त्यांनी जे दिसले तेच लिहिले. पुढे फिशर ह्यांच्या वंशविचारांचा आधार नाझींनी घेतला आणि त्याची किंमत असंख्य निरपराध माणसांनी भरली. मोजपट्टी बिचारी सरळच असते. वाकडा असतो तो पुष्कळदा प्रश्न.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा. त्याच साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स नावाची एक बाई पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होती. ही आधी शाळेत शिकवीत असे. पैसे साठवून ती उशिरा विज्ञानाकडे वळली. तिला दिसले की मादीच्या पेशीत वीसही गुणसूत्रे मोठी असतात. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. हे लहान गुणसूत्र नराच्या अर्ध्या बीजांत उतरते, आणि त्यांपासून नर जन्मतो. माणसातही न्याय हाच. आई प्रत्येक वेळी एकाच जातीचे गुणसूत्र देते. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. त्यातही पित्याच्या इच्छेला वाव नाही. म्हणून बोल लावायचाच तर तो कुणालाच लावता येत नाही.

ह्या शोधाला शंभरांवर वर्षे लोटली. आता तर तो शाळेच्या पुस्तकात आहे. परीक्षेत त्यावर गुण मिळवलेल्या मुलांच्याच घरी, तिसरीही मुलगीच झाली म्हणून सुनेशी महिनोन् महिने अबोला धरलेला मी पाहिला आहे. विज्ञानाने प्रश्न सोडवला. उंबऱ्याच्या आत तो तसाच बसून आहे. उलट सोनोग्राफीचे यंत्र आले तेव्हा आपण त्यालाही तोच जुना प्रश्न विचारला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये अशा गर्भपरीक्षेविरुद्ध कायदा केला. तरी २०११ च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८५२. निसर्गाचा हिशेब सुमारे ९५० चा आहे. मधल्या शंभर जणींची हाडे कुठल्याही उत्खननात सापडायची नाहीत.

भाऊबीजेला पाट मांडाल, तेव्हा हा आकडा एकदा मनात येऊ द्या. ओवाळून घ्यायला भाऊ पुष्कळ आहेत. निरांजन धरणारे हात आपणच कमी केले आहेत.