खोल पाण्यातून जीप नेताना : पूर्वतयारी आणि मर्यादा

पावसाळा ओसरून दूधसागर धबधब्याचा मार्ग खुला झाला की कुळे येथून पर्यटकांना घेऊन जीपगाड्या निघतात. भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या या वाटेवर वाहते पाणी ओलांडावे लागते. चाके पाण्यात बुडतात, दोन्ही बाजूंना तुषार उडतात आणि गाडी पलीकडच्या काठावर चढते. प्रवाशांना ती गंमत वाटते. चालकाच्या दृष्टीने मात्र तो गाडीच्या तयारीचा रोजचा कस असतो. चारही चाकांना शक्ती पुरवणारी वाहने आता गोव्यात अनेकांच्या दारी दिसतात. तथापि उंच चाके आणि दणकट बांधणी एवढ्यावरच कोणतेही वाहन खोल पाण्यात जाण्यास योग्य ठरत नाही.

पाण्याची मर्यादा

वाहन किती खोल पाण्यातून सुरक्षितपणे जाऊ शकते, याचे माप उत्पादक जाहीर करतात. त्यास ‘वेडिंग डेप्थ’ म्हणतात. महिंद्र थारसाठी हे माप ६५० मिलिमीटर, फोर्स गुरखासाठी ७००, तर नव्या लँड रोव्हर डिफेंडरच्या हवेच्या सस्पेन्शनच्या आवृत्तीसाठी ९०० मिलिमीटर आहे. हे आकडे संथ पाणी, टणक तळ आणि कमी वेग गृहीत धरून दिलेले असतात. पुराच्या पाण्याला ते लागू होत नाहीत.

जीपला पाण्यासाठी सज्ज करण्याचे तंत्र दुसऱ्या महायुद्धात विकसित झाले. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या वाहनांचे विजेचे भाग जलरोधक लेपाने झाकले होते आणि हवा घेणाऱ्या व धूर सोडणाऱ्या नळ्या उंच नेल्या होत्या. आजची तयारीही मूलतः त्याच सूत्रावर चालते : गाडी जिथून श्वास घेते, तिथूनच पाणी आत शिरते.

इंजिनाचा श्वास

पाण्याचा सर्वांत मोठा धोका इंजिनाला असतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एका सिलिंडरची क्षमता ५५० घनसेंटिमीटर आणि दाबगुणोत्तर १६ असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा अवघी ३५ घनसेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे पाणी आत गेले, तरी पिस्टन मध्येच अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. त्याची दुरुस्ती म्हणजे बहुधा पूर्ण इंजिन उघडणे.

म्हणून पहिले काम हवेच्या वाटेचे. बॉनेटच्या कडेने छतापर्यंत नेलेली स्नॉर्केलची नळी हवा उंचावरून घेते. परंतु नळी बसवली म्हणजे काम संपले असे नाही. नळीपासून एअर फिल्टरच्या पेटीपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंतचा प्रत्येक जोड हवाबंद असावा लागतो. फिल्टरच्या पेटीच्या तळाशी पाणी गळून जाण्यासाठी ठेवलेले छिद्र अनेकदा विसरले जाते. ते तसेच राहिले तर स्नॉर्केल केवळ शोभेचे ठरते.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल

दुसरा धोका लगेच दिसत नाही. धावून तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकुंचन पावते. निर्माण झालेली पोकळी भरण्यासाठी ऑइल सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. तेलात मिसळलेले हे पाणी काही आठवड्यांत बेअरिंग व दातेरी चाके खराब करते. उपाय स्वस्त आहे : पुढील व मागील डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरना रबरी नळ्या जोडून त्यांची टोके बॉनेटखाली शक्य तितक्या उंच बांधणे. झिजलेली ऑइल सील आधीच बदलावीत. पाण्यात उतरण्यापूर्वी काही मिनिटे थांबून हे भाग निवू देणेही हिताचे. जुन्या लँड रोव्हरमध्ये क्लचच्या आवरणाच्या तळाशी छिद्र असते. पाण्यात जाताना तेथे आटे असलेले बूच बसवतात आणि बाहेर आल्यावर ते काढून ठेवतात.

वीज आणि पंखा

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नसल्याने जुन्या डिझेल जीप पाण्यात तुलनेने भरवशाच्या. जुन्या पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्युटर व स्पार्क प्लगच्या तारा ओल्या झाल्या की इंजिन बंद पडते. नव्या गाड्यांत, मग त्या डिझेल असोत वा पेट्रोल, संगणकीय नियंत्रक, सेन्सर आणि असंख्य जोडण्या असतात. नियंत्रक नेमका कोठे बसवला आहे हे आधी पाहून घ्यावे. विजेच्या जोडण्यांत डायलेक्ट्रिक ग्रीस भरावे आणि बॅटरी घट्ट बांधावी.

रेडिएटरचा पंखा पाण्यात फिरत राहिला तर त्याची पाती पुढे वाकून रेडिएटर फाडू शकतात. विजेचा पंखा असल्यास तो बंद करता येईल अशी सोय करावी. गाडीच्या तोंडावर ताडपत्री बांधल्यास बॉनेटखाली शिरणारे पाणी कमी होते. ती पलीकडे पोहोचताच सोडावी, नाहीतर इंजिन तापते.

उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर

अनोळखी पाण्यात आधी माणसाने काठी घेऊन उतरावे व खोली, तळ आणि बाहेर पडण्याची जागा पाहावी. जिथे माणसाला पाय रोवून उभे राहता येत नाही, तिथे गाडी नेऊ नये. ओढून काढण्यासाठीचा दोर हुकाला आधीच अडकवून ठेवावा. गाडी बुडाल्यावर हूक हाती लागत नाही. काचा उघड्या ठेवाव्यात. सोबत दुसरी गाडी असावी, मात्र एका वेळी एकच गाडी पाण्यात असावी.

लो रेंजमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर टाकून चालण्याच्या वेगाने पुढे सरकावे. गाडीपुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनाजवळची पातळी किंचित खाली जाते. वेग वाढवला तर हीच लाट बॉनेटवर येते. मध्येच गिअर बदलू नये; क्लच दाबला असता त्याच्या प्लेटमध्ये पाणी शिरू शकते. इंजिन बंद पडले आणि पाणी आत गेल्याची शंका असेल, तर पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह टाळावा. गाडी ओढून बाहेर काढावी व मेकॅनिककडून सिलिंडर तपासून घ्यावेत.

पलीकडे पोहोचल्यावर

ओले ब्रेक धरत नाहीत. म्हणून संथ वेगात ब्रेक हलकेच दाबून ते सुकवावेत. त्याच दिवशी इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियलचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजून बदलावे. रेडिएटरच्या जाळीतील व ब्रेकच्या ड्रममधील चिखल धुवावा आणि सांध्यांत नवे ग्रीस भरावे. खाऱ्या पाण्याची गोष्ट निराळी. ते विजेचे वाहक आहे आणि लोखंड झपाट्याने गंजवते. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहेच. भरतीच्या वाळूत रुतलेल्या गाडीला या लेखातील कोणतीही तयारी वाचवू शकत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. त्यामुळे स्नॉर्केल किंवा उंची वाढवणारे सामान बसवण्यापूर्वी वाहतूक खात्याकडे चौकशी करावी. पाण्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते.

तयारीची सीमा

वाहते पाणी मात्र कोणत्याही तयारीला जुमानत नाही. तीन मीटर लांब व दीड मीटर रुंद तळाची गाडी धरली, तर तळाच्या वर चढणाऱ्या प्रत्येक १० सेंटिमीटर पाण्यामागे सुमारे ४५० किलो वजन उचलले जाते. आत पाणी शिरेपर्यंत दीड-दोन टनांची गाडीही हलकी होते आणि चाकांची पकड सुटते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने वेगाने वाहणारे सुमारे ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटारींना, तर ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहनांना वाहून नेण्यास पुरेसे मानले आहे. हे दोन्ही आकडे थारच्या जाहीर मर्यादेपेक्षा कमी आहेत. फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत असेल, तेव्हा खाली पूल शाबूत आहे की नाही हेही वरून कळत नाही.

कुळेच्या चालकांना आपल्या वाटेवरील प्रत्येक दगड आणि डोह ठाऊक असतो. तरीही पावसाळ्यात, नदी भरून वाहते तेव्हा, दूधसागरची जीपसेवा बंद असते. हौशी चालकांनी स्नॉर्केलच्या आधी घ्यावा असा धडा हाच.